ओढ्यावरच्या इंटर्नशिपसाठी कोणता ऋतू निवडावा?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे: प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात तुम्हाला चार श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग पूर्ण करायचे आहे. पानशेत आणि टेमघर धरणांच्या वरच्या अंगाला असलेल्या ओढ्यांवर काम करणारा एक गट तुम्हाला सहा आठवड्यांसाठी घ्यायला तयार आहे. त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे असे दोन पर्याय दिले आहेत. तुम्ही आजवर पाण्यात उतरून काम केलेले नाही, विद्यावेतन मिळणार नाही, आणि यातून एखादा शोधनिबंध निघेल का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

गेली वीस-बावीस वर्षे मी दर हंगामात दोन-चार विद्यार्थ्यांना ओढ्यावर घेऊन जात आलो आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की महाविद्यालय परवानगी देत असेल तर ऑक्टोबर निवडा, देत नसेल तर एप्रिललाही बेलाशक जा. मात्र ऑक्टोबरसाठी आखलेला प्रकल्प जसाच्या तसा उचलून एप्रिलमध्ये करू नका. विद्यार्थ्यांच्या मेहनतीत सहसा उणे नसते. ऋतू ज्याचे उत्तर देऊ शकत नाही असा प्रश्न घेऊन ते पाण्यात उतरतात आणि प्रकल्प तिथेच फसतो. चार श्रेयांक म्हणजे साधारण १२० तास भरतात, आणि बहुतेक ठिकाणी हे प्रशिक्षण दुसऱ्या सत्रात ठेवलेले असल्यामुळे विभागाचा कल उन्हाळ्याकडे असेल. त्याला कारणे कागदाची आहेत, ओढ्याची नाहीत, एवढे लक्षात ठेवून विभागप्रमुखांशी बोला.

सह्याद्रीतल्या ओढ्याचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. जुलै-ऑगस्टच्या पुरात तळाचे दगड गडगडत खाली जातात, त्यांच्यावरचे शेवाळ खरवडून निघते आणि दगडांच्या आडोशाने राहणारे कीटक पाण्याबरोबर वाहून जातात. काही जीव तळाच्या वाळूत आणि खड्यांत खोल शिरून तगतात, काहींची अंडी उरतात, काहींच्या माद्या उडत वरच्या अंगाला जाऊन पुन्हा अंडी घालतात, आणि पाऊस ओसरला की एवढ्या शिलकीवर ओढा पुन्हा वसू लागतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी गुडघ्याच्या खाली उतरते, निवळते, पण वाहते राहते. दगडांवर डायटम शेवाळाचा तपकिरी, बुळबुळीत थर धरू लागतो आणि तो खाणाऱ्या कीटकांची संख्या आठवड्याला वाढत जाते. सहा आठवड्यांत तोच एक खळाळ तीन वेळा नीट तपासला, तर उजाड झालेली वस्ती पुन्हा कशी उभी राहते हे तुम्हाला स्वतःच्या आकड्यांत दिसेल. नवशिक्याच्या हातात सहा आठवड्यांत पुरा होणारा असा दुसरा प्रश्न मला माहीत नाही.

एप्रिलमध्ये गेलात तर यांतले बरेच ओढे वाहायचे थांबलेले असतात आणि डोहांची एक माळ तेवढी शिल्लक असते. वाहत्या पाण्यातल्या कीटकांचा अभ्यास तिथे करता येत नाही, कारण वाहते पाणीच नसते. तिथे प्रश्न डोहांचा असतो: कोणता डोह मे अखेरपर्यंत टिकतो, कोणता पंप लावल्यामुळे आधीच आटतो, उरलेल्या पाण्यात मासे किती दाटीने राहतात आणि रात्री त्यांना प्राणवायू पुरतो का. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे ७.६, आणि घाटमाथ्याच्या उंचीवर त्याहून कमी. शेवाळाने भरलेल्या डोहात दुपारी तीनला याहून जास्त आकडा मिळेल, कारण शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असते. त्याच डोहात पहाटे, रात्रभर सर्वांचे श्वसन झाल्यावर, आकडा निम्म्यावर आलेला दिसू शकतो. म्हणून उन्हाळ्यातले काम पहाटे उठणाऱ्याचे आहे. एका प्रकल्प-अहवालात वरच्या डोहाचे मोजमाप सकाळी आठला आणि खालच्या डोहाचे दुपारी दोनला घेतलेले होते, आणि दोन्हींतला फरक प्रदूषणाच्या खात्यावर मांडून त्यावर चार पाने चर्चा केलेली होती. तो फरक सूर्याचा होता.

उन्हाळ्याची बाजू घेणारी एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पुढे पुण्यातल्या संशोधन संस्थेला ज्यांचे नाव मिळाले ते शंकर पुरुषोत्तम आघारकर तरुणपणी सह्याद्रीत हिंडत असताना त्यांना गोड्या पाण्यातले जेलीफिश सापडले आणि १९११ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्या प्रजातीतले (जीनसमधले) प्राणी तोवर आफ्रिकेतूनच ठाऊक होते. हे छत्रीच्या आकाराचे, नखाएवढे जीव दिसतात ते उन्हाळ्यात स्थिरावलेल्या डोहांत. पावसाचा पहिला लोंढा त्यांना धुऊन नेतो. आघारकर पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते, हेही ध्यानात असू द्या.

तिसरा ऋतू तुम्हाला कोणी देऊ केलेला नाही, पण त्याबद्दल विद्यार्थी नेहमी विचारतात. जूनच्या पहिल्या दमदार पावसात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात आणि कोकणात या काळाला वलगण म्हणतात. पाहण्यासारखे ते आहेच, परंतु त्या दिवसांत नवख्या माणसाने पाण्यात पाऊल घालू नये. काठावर उभे राहून, जाळी लावून बसलेल्यांच्या टोपल्यांत काय आले ते नोंदवावे, आणि त्यात अंड्यांनी भरलेल्या माद्या किती होत्या तेही लिहावे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. ऑक्टोबरमधल्या एका दिवसाची कल्पना अशी: सकाळी ओढ्यावर पोहोचल्यावर आधी काठावरूनच नोंदी घ्यायच्या, म्हणजे सावली किती आहे, तळाला दगड किती आणि वाळू किती, काठावर शेती आहे की झाडी, जनावरे उतरतात का. त्यानंतर पाण्याचे तापमान, सामू (पीएच), विद्युतवाहकता आणि प्राणवायू मोजायचा. मग सर्वांत खालच्या जागेपासून सुरुवात करून वर सरकायचे, कारण वरून सुरुवात केली तर तुम्हीच ढवळलेला गाळ खालच्या नमुन्यात येतो. अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला तळाशी टेकवायची आणि तिच्या पुढ्यातला तळ टाचेने ठरलेला वेळ, समजा तीन मिनिटे, घड्याळ लावून ढवळायचा. वेळ पाळली नाही तर दोन जागांची तुलना होत नाही. हे सगळे तासाभरात होते. त्यानंतरचे तीन-चार तास पांढऱ्या ट्रेवर वाकून, चिमटा आणि बारीक कुंचला घेऊन, पालापाचोळ्यातून एकेक जीव वेचण्यात जातात. क्षेत्रकार्य म्हणजे भटकंती अशी समजूत करून आलेले विद्यार्थी इथे कंटाळतात, आणि तो कंटाळा पहिल्या दोन आठवड्यांत गेला नाही तर हे क्षेत्र आपले नाही असे प्रामाणिकपणे समजायला हरकत नाही.

वेचलेले जीव ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. पुढे डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के लागते. ओल्या नमुन्यातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होते म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलावे लागते, आणि हे विसरल्यास महिनाभराने बाटलीत पिवळट रस्सा उरतो. बाटलीत घालायची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. हे मी शिकलो ते किंमत मोजून: उमेदवारीच्या काळात एका संपूर्ण हिवाळ्याचे, चाळीसेक बाटल्यांचे नमुने मी चांगल्या बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या आत घालून ठेवले होते, आणि मार्चमध्ये कपाट उघडले तेव्हा अल्कोहोल निळसर झालेले आणि चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. कीटक उत्तम स्थितीत होते, पण ते कोणत्या ओढ्यातले आणि कोणत्या तारखेचे हे सांगणारे कोणी नव्हते, त्यामुळे ते फेकून द्यावे लागले. चिठ्ठीवर ओढ्याचे आणि जवळच्या वाडीचे नाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, जाळीची पद्धत आणि वेचणाऱ्याचे नाव असावे. बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी वेगळी. ती गळून पडतेच.

प्राणवायू मोजण्याचे विजेरीवरचे यंत्र गटाकडे असेल, तरी विंकलरची पद्धत हाताने करायला शिका. ही पद्धत १८८८ पासून वापरात आहे आणि यंत्र खोटे बोलू लागले की तिचाच आधार घ्यावा लागतो. काचेच्या बुचाच्या बाटलीत एकही बुडबुडा न राहू देता पाणी भरायचे, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, जवळपास नसेल तर पांढरा. गटारमिश्रित नाल्याच्या पाण्यात पांढरा साका बसताना एकदा पाहिला की तक्त्यातला आकडा तुम्ही पुन्हा कधी निर्विकारपणे वाचू शकणार नाही.

वेचलेल्या जिवांवरून पाण्याची प्रत ठरवणे हा तुमच्या कामाचा गाभा असेल, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात तळाशी राहणाऱ्या कीटकांच्या आणि इतर बारीक जिवांच्या कुळांना (फॅमिलींना) १ ते १० गुण देण्याची एक पद्धत तयार झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी तिच्यावर आधारलेले निकष स्वीकारले आहेत. मूळ तक्त्यात वेगवान प्रवाहात दगडाला चिकटून राहणाऱ्या, चपट्या अंगाच्या हेप्टाजेनिइडी कुळातल्या मेफ्लाय या पाणकीटकाला १० गुण आहेत, बीटिडी कुळातल्या मेफ्लायला ४, कायरोनोमिडी माश्यांच्या डिंभकांना (अळ्यांना) २ आणि गाळातल्या बारीक गांडूळवर्गीय जिवांना १. तेव्हा ‘मेफ्लाय सापडली, म्हणजे पाणी स्वच्छ’ हे विधान निरर्थक आहे. कोणत्या कुळातली ते सांगता आले पाहिजे. कायरोनोमिडींच्या काही जातींचे डिंभक लालभडक दिसतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळात ते त्यांच्या उपयोगी पडते. टेमघरच्या वर चपट्या मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे स्वच्छ पाण्यातले कीटक पाहिल्यानंतर परतीच्या वाटेवर पुण्यातल्या एखाद्या पुलाखाली उतरून त्याच मुठेचा गाळ ट्रेमध्ये घेऊन बघा.

पण गुणांची बेरीज करताना पुन्हा ऋतूकडे यावे लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निर्मळ ओढ्यालाही कमी गुण मिळतात, कारण पुराने वस्ती नुकतीच धुऊन नेलेली असते. तोच ओढा डिसेंबरात भरपूर गुण मिळवतो. एका विद्यार्थ्याने घेतलेल्या ऑक्टोबरच्या नमुन्याची दुसऱ्याने घेतलेल्या फेब्रुवारीच्या नमुन्याशी तुलना करून ‘ओढा सुधारला’ असा निष्कर्ष काढलेला मी वाचला आहे. शिवाय हा तक्ता समशीतोष्ण देशातल्या नद्यांसाठी बनलेला आहे. आपल्या घाटातल्या कुळांचे वागणे तिथल्यासारखेच असेल हे गृहीत धरू नका, आणि अहवालात गुणांबरोबर कुळांची मूळ यादी व संख्या द्यायला विसरू नका. गुण देण्याच्या पद्धती बदलतात, परंतु यादी वीस वर्षांनीही कामी येते. ओळख कुळापर्यंतच पटली असेल तर कुळापर्यंतच लिहा. अंदाजाने जातीचे नाव लिहिणे हा या विषयातला सर्वांत मोठा अपराध आहे.

माशांसाठी तुम्हाला वेगळे शिक्षक लागतील आणि ते विद्यापीठात भेटणार नाहीत. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या लोकांकडून ऐकलेली नावेच त्यांनी कितीतरी जातींना दिली. दगडाला ओठाखालच्या चकतीने चिकटणारा मळ्या आजही शास्त्रात ‘गारा मुल्या’ आहे, नाकाडावर खाच असलेला नकटा ‘नुक्ता’ या नावात आहे, कोळशी मासा ‘कोलुस’मध्ये आणि आपला महाशीर ‘टॉर खुद्री’मध्ये. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी साइक्स यांनी जे केले ते तुम्हीही करा: वाडीवरच्या भोई, ठाकर किंवा कातकरी घरातल्या जाणत्या माणसाला ‘मामा, या ओढ्यात काय काय सापडतं?’ असे विचारा, माशाचा फोटो काढून नाव त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या, आणि ‘पूर्वी मिळायचा, आता मिळत नाही’ असा मासा कोणता, तो शेवटचा कधी पाहिला, हेही विचारा. मूळचा मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूचा गंबुशिया मासा भारतात १९२८ मध्ये डासांच्या बंदोबस्तासाठी आणला गेला, आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये; हे दोन्ही पाहुणे तुमच्या ओढ्यात पोहोचले आहेत का, याचे उत्तर जाळे टाकणारा माणूस एका वाक्यात देतो. ओढ्यातले बहुतेक मासे ओळखण्यासाठी मारावे लागत नाहीत. अरुंद काचेच्या पेटीत पाणी घालून बाजूने फोटो घ्यावा आणि जिथे पकडला तिथेच सोडावा. एका ओढ्यातले पाणी, मासा किंवा ओली जाळी दुसऱ्या ओढ्यात नेऊ नये. जाळी उन्हात खडखडीत वाळवूनच पुढच्या जागी वापरावी.

परवानग्यांचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो गटाने सांभाळायचा आहे: अभयारण्यात आणि राखीव वनात वनविभागाची लेखी परवानगी हवी, आणि तिची प्रत तुमच्या पिशवीत हवी. देवराईतून वाहणारा ओढा असेल तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय उतरू नये. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीसारख्या देवीच्या डोहांत मासे राहिले आहेत ते तिथे कोणी जाळे टाकत नाही म्हणून, नमुन्यासाठीही नाही.

सुरक्षिततेचा भाग मात्र थोडक्यात उरकणार नाही. पाण्यात एकट्याने कधीही उतरू नका, गटातली माणसे घाईत असली तरी. गुडघ्याच्या वर वेगवान पाणी असेल तर तो दिवस सोडून द्या. धरणाच्या खालच्या अंगाला काम असेल तर विसर्गाची वेळ त्या दिवशी सकाळी फोन करून विचारावी, कालची माहिती चालत नाही. आम्ही पाच जण एकदा एका धरणाखाली ट्रे मांडून बसलो असताना भोंगा न वाजता पाणी सोडले गेले आणि ट्रे, जाळ्या, प्राणवायूचे यंत्र सगळे वाहून गेले. माणसे काठाच्या वरच्या खडकावर जेवायला बसली होती म्हणून वाचली. दगड उचलताना बोटे त्याच्या खाली आधी घालू नका, त्याची पलीकडची कड उचलून आपल्या बाजूला कलवा. कोरड्या काठावर फुरसे आणि विंचू दोन्ही असतात. कड्याला आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा. भातखाचरांच्या चिखलातून जाताना पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला, आणि परतल्यावर ताप आला तर ‘मी ओढ्यात काम करत होतो’ हे त्यांना न विचारता सांगा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ मध्ये गोगलगायीमार्फत पसरणाऱ्या शिस्टोसोमा कृमीच्या रोगाची नोंद झाली होती. भारतात अशी नोंद फार दुर्मीळ आहे, पण गोड्या पाण्यातली गोगलगाय निरुपद्रवीच असते हा समज सोडायला ती पुरेशी आहे.

विद्यावेतनाबद्दल माझे मत गटाला कदाचित आवडणार नाही. विद्यार्थी शिकायला येतो म्हणून त्याला वेतन न देणे एक वेळ समजू शकते, परंतु त्याचा प्रवास, राहणे, जेवण आणि अपघात विमा हा खर्च प्रकल्पाने उचलायलाच हवा. होकार देण्यापूर्वी आणखी काही गोष्टी लेखी विचारून घ्या: माझ्याबरोबर पाण्यात प्रत्यक्ष कोण उतरणार, सूक्ष्मदर्शकावर मला आठवड्यातून किती तास मिळणार, माझी ओळख चुकली तर तपासणारे कोण, मुलींसाठी मुक्कामाची आणि स्वच्छतागृहाची सोय काय, आणि माझ्या नोंदी पुढे वापरल्या तर माझे नाव कुठे येणार. या प्रश्नांवर चिडणारा मार्गदर्शक असेल तर तो गट सोडून द्या, ऋतू कितीही अनुकूल असला तरी.

शोधनिबंधाची आशा सहा आठवड्यांच्या कामावर ठेवू नका. तीन जागांचे तीन नमुने हे निबंधाला पुरत नाहीत, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागलात तर ते नाव पुढे तुमच्याच अर्जात खुपेल. गटाकडे पाच-सात वर्षांची मालिका असेल आणि तुमचा हंगाम तिच्यात बसत असेल, तर सहलेखक म्हणून नाव येण्याची शक्यता खरी आहे. एखाद्या माशाची नव्या ठिकाणची नोंद किंवा एखाद्या कीटकाच्या वागण्याचे निरीक्षण यावर छोटे टिपणही होऊ शकते. शेवटच्या आठवड्यात नोंदवहीच्या सर्व पानांचे फोटो काढून एक प्रत गटाकडे आणि एक स्वतःकडे ठेवा. नोंदवह्या पाण्यात पडतात, आणि संगणकावर उतरवताना गळलेली ‘काहीही सापडले नाही’ ही नोंद मूळ पानावरच मिळते.

अनुभव नसल्याची काळजी करत बसण्यापेक्षा येत्या रविवारी कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या वाहत्या ओढ्यावर जा. एक पांढरी थाळी, एक चहाची गाळणी आणि एक शिसपेन्सिल एवढेच न्या. खळाळातले दहा दगड उलटून पाहा, प्रत्येकाच्या खाली काय दिसले त्याचे चित्र काढा, नाव येत नसेल तर लिहू नका, आणि प्रत्येक दगड होता तसाच, खालची बाजू खाली करून, परत ठेवा. ती दहा चित्रे गटाच्या प्रमुखांना पाठवून दिलीत तर त्यांनाही तुमच्याशी काय बोलावे ते कळेल.